माकुलाची सबब

औषधाच्या दुकानात येऊन "वर एक टाक" म्हणणारी बाई अख्ख्या कोकणपट्टीत एकच असेल, आणि ती नेमकी माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसायची. काशीदहून मुरूडकडे जाताना आमचं गाव लागतं, तिथे गेली बावीस वर्षं माझं मेडिकल आहे. मावशी तिथल्या कोळीवाड्यातली. नात्यानं माझी कोणी नाही, पण सगळा बाजार तिला मावशी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. ती मात्र मला नावानं कधी हाक मारत नाही. एरवी मी "ए मेडिकल", आणि काही फुकट हवं असलं की "डाक्टर". मासळीबाजारात तिचा पाच बांगड्यांचा वाटा म्हणजे पाचच बांगडे. गिऱ्हाईक रुसलं, भांडलं, उठून चालायला लागलं तरी सहावा बांगडा तिच्या पाटीतून कधी कोणाला मिळालेला नाही. माझ्याकडे मात्र दहा कॅप्सूलची पट्टी घेतली की अकरावी हवीच. कंपनी दहाच भरते, हे तिला सांगून माझा घसा कोरडा पडायचा. "मग तुझ्या कंपनीला एकदा मासं इकायला बसव," हे तिचं उत्तर ठरलेलं.

मावशीला पित्ताचा त्रास जुना. छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोटात आग. होणार नाही तर काय? उजाडायच्या आत बंदरावर, उपाशीपोटी तीन-चार कप कडक चहा, आणि मासळी संपली की दुपारी तीनला लालभडक कालवण-भात. कधीकाळी कोणा डॉक्टरनं तिला पोटातलं आम्ल कमी करणारी कॅप्सूल महिनाभरासाठी लिहून दिली होती. तो कागद खाऱ्या पाण्यानं विरून गेला, महिना संपून कितीतरी वर्षं लोटली, कॅप्सूल चालूच. ही सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची असते. मावशी ती जेवणानंतर घ्यायची, तीही जळजळ सुरू झाली तरच. आग लागल्यावर बंब बोलावतात, आग लागायच्या आधी बोलावणारा खुळा, असं तिचं म्हणणं. त्यावर मी दहा मिनिटं शास्त्र सांगितलं. ते तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पट्टीवरची अकरावी मागितली.

औषधाची पारख तिनं मासळीवरून ठरवली होती. पट्टी हातात आली की प्रत्येक कॅप्सूल बोटानं दाबून बघायची, बांगड्याची पाठ दाबावी तशी. एकदा तर माझ्यासमोर कॅप्सूल उघडली, आतले बारीक पांढरे दाणे तळहातावर ओतले आणि माशाच्या पोटातल्या अंड्यांसारखी गाबोळी बरी भरलीय म्हणून पसंतीची मान हलवली. मग अर्धे दाणे स्वतः चावून खाल्ले आणि अर्धे शेजारच्या भाजीवालीला दिले, तिलाही त्या दिवशी ढेकर येत होते म्हणून. मी काउंटरवरून ओरडलो. त्या दाण्यांवर आवरण असतं, पोटातल्या आम्लातून औषध पुढे सुखरूप जावं म्हणून. चावून खाल्लं की सगळं मातीमोल. मावशीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मासे खायचे कसे हे मीच तिला शिकवतोय. आणि उन्हात वाळवलेल्या कॅप्सूल? तेही झालंय. पट्टीतून काढून सगळ्या एका डब्यात भरायच्या ही तिची रीत. पावसाळ्यात डब्यात ओल गेली, कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या. उघडीप मिळताच तिनं त्या सुकटीशेजारी चटईवर मांडल्या. एक कावळ्यानं नेली. त्याला तरी आता पित्त होणार नाही, म्हणाली. बाकीच्या मी हिसकावून फेकून दिल्या, तेव्हा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

शनिवार-रविवारी काशीदला आलेले पाहुणे रात्रीचं खाणं-पिणं बाधलं की सकाळी पोट धरून माझ्याकडे येतात. मावशी पायरीवरच त्यांची तपासणी उरकायची. काय खाल्लं, किती प्यायलात, कोणाबरोबर आलात, हे तिसरं पित्ताशी कसं जोडलेलं आहे देव जाणे, पण विचारायचीच. आणि शेवटी पदराच्या गाठीतून स्वतःची कॅप्सूल काढून देऊन टाकायची. माझ्या दुकानासमोर बसून माझंच गिऱ्हाईक तोडायची ही बाई, आणि मी चिडण्याऐवजी गावभर तिचे किस्से सांगत हिंडायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. इतकी वर्षं चिठ्ठीशिवाय मी तिला ती कॅप्सूल देत होतो, आणि या पित्ताच्या मागे आहे तरी काय, आणखी कुठल्या गोळ्या पोटात जातायत, हे एकदाही विचारलं नाही. हे मला आता सांगावं लागतंय, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

जुलै महिना होता. मावशी दुपारी दुकानात आली, पायऱ्या चढताना मध्ये थांबली आणि बाकावर बसली. चेहरा उतरलेला, ओठ पांढरे. दोन पट्ट्या मागितल्या, मी दिल्या, तिनं पदरात बांधल्या आणि उठली. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं, तिनं अकरावी मागितलीच नाही. म्हटलं, मावशी, बरं नाही का? तर म्हणाली, जरा गरगरतंय, आणि चार दिवस संडासला डांबरासारखं काळं होतंय. "पन ते काय न्हाय. माकूल खाल्लं ना, त्याची शाई."

मी मान डोलावली. आमच्याकडे हे पोरासोरालाही ठाऊक आहे. समुद्रात शाई सोडणारं हे माकूल शाईसकट शिजवलं तर कालवण काळं, दात काळे, आणि दुसऱ्या दिवशीचा कारभारही काळा. मावशी पायऱ्या उतरली. तिच्या पाठीकडे बघता बघता माझी नजर खाडीकडे गेली. होड्या ओळीनं वर ओढलेल्या, त्यांच्यावर निळी ताडपत्री. जूनपासून मासेमारी बंद. समुद्रात होडी नाही, बाजारात ताजी मासळी नाही, मावशी स्वतः दीड महिना सुकट विकतेय. आणि सुक्या माकुलाला शाई कुठली? मी काउंटर उघडं टाकून धावलो आणि तिला रस्त्यातच गाठलं.

"मावशी, माकूल कुठून आणलंस?"

ती तिथेच कडेच्या दगडावर बसली आणि सांगू लागली. तिचा नवरा असाच पोटदुखीनं मुंबईला नेला होता, दुर्बीण घातली, आणि महिन्यात संपला. आतून कॅन्सर फुटलेला निघाला. तेव्हापासून तिच्या हिशेबी दुर्बीण म्हणजे मरण.

"तुला खोटं न्हाय बोलले रं पोरा," ती म्हणाली. "मी मनाशीच खोटं बोलत व्हते."

मग एकेक बाहेर आलं. गुडघे दुखतात म्हणून एसटीत भेटलेल्या एका बाईनं तिला गोळ्या दिल्या होत्या. त्या ती आठ महिने रोज सकाळी दोन, रिकाम्या पोटी घेत होती. कसल्या, हे तिच्या पदराच्या गाठीतलं पाकीट बघून कळलं. चांगल्याच कडक वेदनाशामक, पोटाचं अस्तर सोलून काढणाऱ्या. वरून माझी कॅप्सूल, कधी घेतलेली, कधी न घेतलेली, कधी चावलेली. मी दुकानाचं शटर भरदुपारी खाली ओढलं, रिक्षा केली आणि मावशीला अलिबागला नेलं. वाटेत तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

डॉक्टरीण तरुण होती. काळं म्हणजे आत रक्त गेलंय, उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं, असं तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं. दोन बाटल्या रक्त चढवलं आणि दुर्बीण घातली. जठरात व्रण होता, त्यातूनच रक्त येत होतं, ते थांबवलं. कडेचा एक तुकडा तपासायला पाठवला. तो अहवाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी दुकानात त्या कॅप्सूलच्या खोक्याकडे बघू शकत नव्हतो. मावशीचे सगळे किस्से आठवायचे आणि एकाही किश्श्यावर हसू यायचं नाही.

कॅन्सर नाही, असा तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. समोर गिऱ्हाईक होतं, ते घाबरून म्हणालं, तुमच्यातलं कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही हो, राहिलं.

व्रणात जंतू निघाले होते. त्यांच्यासाठी दोन आठवड्यांचं औषध दिलं, बरं वाटलं तरी एकही गोळी न चुकवता संपवायचं. आपल्या पोटात कोणीतरी बिऱ्हाड केलंय, तेही न विचारता, याचा मावशीला भयंकर राग आला. त्या रागापायीच तिनं सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या. गुडघ्याच्या गोळ्या कायमच्या बंद, आणि कोणतीही नवी गोळी डॉक्टरला विचारूनच. कॅप्सूल सकाळी चहाच्या आधी, अख्खी. ती घेऊन मावशी अर्धा तास चुलीकडे पाठ करून बसायची, चहा दिसला तर राहवत नाही म्हणून. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची होती. तिला समजवायला मी भाषण तयार करून गेलो, तर बाई नवं लुगडं नेसून एसटीची वाट बघत उभी. व्रण भरून आला होता. डॉक्टरणीनं कॅप्सूल हळूहळू कमी करत बंद केली. चालू केलेली कॅप्सूल बंदही करता येते, हे मावशीनं अख्ख्या बाजाराला नवलाईनं सांगितलं.

आता माझ्याकडे पित्ताची गोळी मागायला कोणी आलं की मी आधी विचारतो, किती दिवस घेताय, आणखी काय काय घेता, संडासला काळं होतं का, वजन उतरलंय का. लोक वैतागतात. दोघं-तिघं तर दुसऱ्या दुकानात गेले. जाऊ देत.

मावशी मात्र आता दुकानात येत नाही. तिला काही लागतच नाही. पायरी रिकामी असते, रविवारच्या पाहुण्यांना कोणाबरोबर आलात हे विचारणारं कोणी नाही. चांगलंच झालं, असं मी रोज मनाशी म्हणतो, आणि रोज थोडं वाईट वाटतं.

परवा बाजारात गेलो होतो. होड्या कधीच्या बाहेर पडल्यात, मावशीच्या पाटीत बांगडे चमकत होते. मला पाहून तिनं नेहमीसारखं तोंड वाकडं केलं, एक वाटा पिशवीत ओतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी भांडायला लागली. घरी बायकोनं पिशवी परातीत रिकामी केली आणि म्हणाली, अहो, सहा आहेत, मावशी मोजायला चुकली वाटतं, देऊन या परत.

मी परातीतले बांगडे पुन्हा एकदा मोजले.

"मावशी मोजायला चुकत नाही," मी म्हटलं.