मीना अब्दुल्लाहून परतताना

आम्ही गाव सोडलं तेव्हा ओहोटी होती. आगबोट खाडीच्या तोंडाशी खोल पाण्यात उभी होती आणि तिच्याकडे नेणाऱ्या पडावापर्यंत चिखलातून जायचं होतं. माझ्या थोरल्या भावाने, युनूसभाईने, आईला सरळ पाठीवर घेतलं. त्याच्या गळ्यात फुटबॉलचे बूट नाड्यांनी बांधून अडकवलेले होते, ते आईच्या हनुवटीला लागत होते. धक्क्यावरून आमचे चाचा ओरडले, "अरे, कुवेतला नोकरीला चाललास की मॅचला?" भाई मागे न वळता म्हणाला, "दोन्हीला, चाचा!" सगळे हसले. मी चपला हातात घेऊन, कुणाच्या नजरेला नजर न देता मागून चालत होते. मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी चिखलात कशी चालते ते बघायलाच ही माणसं थांबली आहेत, असं मला वाटत होतं. आता वाटतं, ती बिचारी नुसती निरोप द्यायला आली होती.

भाई कुवेतहून एकटा परत का आला, हे गावात तुम्ही निरनिराळ्या तोंडांनी ऐकलं असेल. इथे कुवेत शहरात, मिरकाबमध्ये, आमच्या शेजारी राहणाऱ्यांनाही अर्धंच माहीत आहे. तोंडाने सांगणं मला जमलं नाही, जमणारही नाही. म्हणून लिहिते आहे.

बाबा आधीपासून इथे एका अरब व्यापाऱ्याच्या गोदामावर होते. भाई त्याच पेढीवर ड्रायव्हर म्हणून लागला. आम्हाला मिरकाबमध्ये दोन खोल्या मिळाल्या, खाली शिंप्याचं दुकान, वर गच्ची. मी दिवसभर घरात असायचे. बाबा म्हणायचे, "इथे आपण पाहुणे. पाहुण्याने आवाज चढवायचा नसतो." ते मला सांगायची काही गरज नव्हती. माझा आवाज मुळातच कुणाला ऐकू जात नसे.

पण शुक्रवार वेगळा होता. रत्नागिरी आणि मुरुडकडच्या मुलांनी एक टीम काढली होती आणि हिवाळाभर मॅचेस चालत. इथल्या मैदानावरच्या मॅचचं मला काही वाटायचं नाही, ती गच्चीवरूनही दिसे. मला ओढ असे ती बाहेरच्या मॅचची, त्यातही शहराबाहेर दूर, मीना अब्दुल्ला या गावातल्या तेलकामगारांच्या कॅम्पावरची. शेठ शुक्रवारी पेढीची पिकअप द्यायचा. तिला इथे सगळे वानेत म्हणतात. जुम्म्याची नमाज झाली की मुलं मागच्या हौद्यात पोत्यांवर बसत आणि केबिनमध्ये भाई, मध्ये मी, खिडकीशी आई. आईच्या मांडीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. डावीकडे मधूनच समुद्र दिसायचा, आपल्या समुद्रापेक्षा फिका, लाटा नसलेला. डांबरी रस्ता संपला की वाळूतली चाकोरी लागे. ती चुकू नये म्हणून कडेने तेलाची रिकामी पिंपं उभी केलेली असत. पुढे रिफायनरीच्या ज्वाळा दिसू लागल्या की मागची मुलं गाणं थांबवून बूट घालायला लागायची.

टीमचे मॅनेजर हमीदचाचा मुरुडकडचे. एरवी चहाचं दुकान चालवायचे. आमच्याकडच्या गोलकीपरने गोल खाल्ला की ते मैदानाच्या कडेने ओरडायचे, "रत्नागिरीवाल्यांनो, खाल्लात? हापूस वाटला काय रे?" मी केबिनची काच वर करून आत हसायचे. ते प्रवास मला फार आवडायचे. जातानाचे. परतीच्या प्रवासात मी रस्त्यावरून नजर काढत नसे.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा परत येताना आई झोपली होती आणि मी समोर बघत होते. दिवस नुकताच मावळला होता, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. एक पिंप जवळ येत होतं आणि भाई त्याच्याकडेच चालला होता. मी म्हटलं, "ड्रम!" त्याने चाक फिरवलं, मागच्या मुलांनी शिव्या दिल्या. पुढच्या शुक्रवारी निघताना आई खिडकीशी बसल्यावर तो मला इंग्रजीत म्हणाला, "आय सी हेडलाइट ओन्ली, नो साइड. यू टेल मी." त्याचं इंग्रजी ट्रक-यार्डातलं, माझं शाळेतलं. आईला दोन्ही सारखीच.

तेव्हापासून परतीच्या वाटेवर मी बोलत राहायचे. "लेफ्ट. स्ट्रेट. कॅमल, फार अवे. नाऊ राइट." आई अर्धवट झोपेत पुटपुटायची, "चांगलं हाय गो, भावाला शिकव इंग्रजी."

बाबांना सांगूया, असं मी एकदा त्याला गच्चीवर म्हटलं. तो म्हणाला, "सांगितलं की लायसन्स जाईल. लायसन्स गेलं की अकामा जाईल. मग मी इथे राहणार कोण म्हणून?" अकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तो कामावर मिळतो. कामाच्या दिवशी तो कसंही करून उजेडात फेऱ्या संपवायचा. राहता राहिला शुक्रवार. गाडी चालवत नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि मॅच सोडणं त्याच्याने होत नव्हतं. आठवडाभर तो कुणाचा तरी ड्रायव्हर होता. मैदानावर लोक त्याचं नाव घेऊन ओरडायचे.

कलेजी खाल्ली की नजर सुधारते असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तो कलेजीच मागायचा. आई वैतागायची, "या पोराला बकऱ्यात दुसरं काय दिसतंच नाय!" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू. दोन हिवाळे असे गेले. कलेजीने काही झालं नाही. उलट मला अधिकाधिक बोलावं लागू लागलं.

त्या शुक्रवारी मीना अब्दुल्लाला धुळीचा वारा सुटला आणि मॅच उशिरा सुरू झाली. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा सूर्य टेकला होता. हमीदचाचांच्या नडगीला बॉल लागून पाय सुजला होता, म्हणून त्यांना केबिनमध्ये बसवायचं ठरलं. आमच्या इमारतीतले डिसूझा अंकल नवी मोटार घेऊन मॅच बघायला आले होते. ते आईला म्हणाले, "भाभी, तुम्ही दोघी आमच्या गाडीत या. किती दिवस त्या वानेतमध्ये हाडं मोडून घेणार?"

मी म्हटलं, "मी वानेतमध्येच बसते."

"बाप्यांत बसतंस?" आईने मला दंडाला धरलं. "लोक काय म्हणतील?"

मी भाईजवळ गेले. हळूच म्हटलं, आज नको, आज इथेच कॅम्पावर राहा. तो हसून म्हणाला, "गो. आय विल मॅनेज." मागे हौद्यात मुलं जिंकल्याच्या आनंदात पत्र्यावर ताल धरत होती. त्यांतल्या बहुतेकांच्या आया मला नावाने माहीत होत्या. तुमच्यापैकीच काही.

आईने मला डिसूझा अंकलच्या मोटारीत बसवलं. वानेत सुरू झाली. मी मोटारीतून उतरले आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काय गो पोरी," हमीदचाचा खिडकीतून ओरडले, "गोलपोस्ट झालीस काय? हट!"

मी म्हटलं, "भाईला दिसत नाही."

"काय?"

"दिवस मावळला की त्याला दिसत नाही. मी सांगते तेव्हा तो चालवतो." हे मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. पत्र्यावरचा ताल थांबला.

भाई हसला. म्हणाला, "काय वेडेपणा करतेय! चाचा, तुम्ही बसा." हमीदचाचांनी दार उघडलं. लंगडत खाली उतरले, मडक्यातून पेला भरला आणि गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूने, त्याच्या खांद्याजवळ धरला. भाई समोर बघत राहिला. पेला तिथेच राहिला. मग चाचांनी पाणी वाळूवर ओतलं आणि किल्लीसाठी हात आत घातला. "उतर, बाळा," एवढंच म्हणाले.

कॅम्पातल्या एका ड्रायव्हरने वानेत मिरकाबपर्यंत आणली. भाई हौद्यात मुलांबरोबर बसला. कुणी गायलं नाही.

हमीदचाचांनी कुणाला सांगितलं नसेल, मुलांनीही नसेल, पण आठवड्याच्या आत ते शेठच्या कानावर गेलं. शेठ वाईट माणूस नव्हता. कामावरून काढलं, तरी भाईच्या गावच्या तिकिटाचा खर्च त्यानेच केला. घरात बाबा मला फक्त एकदाच बोलले. "खरं होतं. पण घरातलं होतं. घरात सांगायचंस." मग दरवाज्याकडे तोंड करून बसले. बंदरावर भाईने आईचे हात धरले, बाबांना सलाम केला. माझ्यासमोर तो आला नाही.

आता मी एका ऑफिसात टायपिस्ट आहे. दिवसभर इंग्रजी बोलते, कामापुरतं. मीना अब्दुल्लापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे, वाटेवर विजेचे खांब आहेत. ती पिंपं कुठे गेली कुणास ठाऊक. लोक म्हणतात, शहर किती बदललं. मला त्या खांबांचा राग येतो, उशिरा आल्याचा.

गेल्या रजेत मी गावी आले होते ते तुम्ही पाहिलंत. भाई मला घ्यायला धक्क्यावर आला नव्हता. घरी होता, नीट बोलला, चहा झाला का विचारलं. पाहुण्याशी बोलतात तसं. जायच्या आदल्या दिवशी तो पडवीत बसला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "भाई, माझं चुकलं म्हण आणि एकदा ओरड माझ्यावर."

तो म्हणाला, "चुकली असतीस तर केव्हाच ओरडलो असतो. माफही केलं असतं."

मी तिथून हलले नाही. दिवस गेला. गावात अजून वीज नाही. चाचीने आतून कंदील आणू का विचारलं, तो नको म्हणाला, मीही नको म्हटलं. समोरची खाडी दिसेनाशी झाली, मग आंगण, मग माझेच हात. त्याला काही सांगावं असं तिथे नव्हतं, मला त्याच्याइतकंच दिसत होतं. तो बाकड्यावर थोडा सरकला आणि मी बसले. मला कुणी घर कुठे म्हणून विचारलं तर मी मिरकाब सांगते. खरं म्हणजे माझं घर त्या बाकड्यावरची तेवढी सरकून दिलेली जागा आहे, आणि ती माझी आहे की पाहुणीची, हे मी त्याला विचारलं नाही.