पौषातली गोधडी

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलंच. पण लेक होती उरुग्वेत. जावई पवनचक्कीवाले. आधी जतच्या माळावर चक्क्या उभ्या करायचे, मग थेट दक्षिण अमेरिकेतल्या त्या चिमुकल्या देशात गेले. लेकीचा फोन आला, "आई, डॉक्टर विमानानं जाऊ नको म्हणतायत. आणि तू पण दगदग करू नको. इथं दवाखान्यात सगळं करतात."

सगळं करतात म्हणे! मग आई कशाला असते? लय लागलं मला ते. लेक माहेरी येत नसंल तर माहेर जाईल लेकीकडं, असं म्हणून मी पासपोर्टच्या मागं लागले.

दिवस भरत होते पौषात. आटपाडीला पौषातल्या पहाटे दात वाजतात. मी डिंकाचे लाडू वळले, कानटोपी विणली, माझ्या जुन्या सुती साड्यांची जाडजूड गोधडी शिवली. आमचे हे फौजेतून रिटायर झालेले, नकाशाची भारी हौस. फोनवर नकाशा दाखवत म्हणाले, "अगं, हा देश पृथ्वीच्या खालच्या अंगाला हाय. आपल्याकडं थंडी, तवा तिथं कडक ऊन."

"आवं, पौषात कुठं उन्हाळा असतोय व्हय? काहीतरीच तुमचं!" लेकीनंही तेच सांगितलं होतं, पण मला वाटलं, मी येऊ नये म्हणून सांगतेय. गोधडी बॅगेत कोंबली.

आम्ही दोघं लेकीच्या शहरात, माँटेव्हिडिओत उतरलो आणि मला घाम फुटला. माणसं अर्ध्या चड्डीत फिरत होती. हे माझ्याकडं बघून नुसते हसले. त्याचाच जास्त राग आला.

नात झाली. दोघी सुखरूप, नाक आजोबांचं. पण माझ्या सामानाचं काय? कानटोपी घालायला गेले तर लेक ओरडली, "आई, उकडून काढतीस का तिला?" लाडू उष्ण पडतात म्हणून खाईना. शेक-शेगडीचं तर नावच काढू देईना. मी गोधडीची घडी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. एवढ्या लांब येऊन आपलं काही कामच नाही, असं मनाला लावून घेतलं.

संध्याकाळी हे मला ओढत नदीवर न्यायचे. नदी कसली, पलीकडचा काठच दिसत नाही, आणि पाणी पुरातल्या कृष्णेसारखं गढूळ. काठानं लांबच लांब रस्ता. सगळं शहर तिथं येऊन बसतं, काखेत थर्मास, हातात भोपळ्याची वाटी, नळीनं कसलासा हिरवा काढा ओढत. एका म्हातारीनं मलाही दिला. कडूजहर! पण बाई मायाळू वाटली. गावाबाहेर पडलं की डोंगर नाही, नुसते गवताचे माळ, गाई आणि मेंढ्या. पाऊस म्हणे बाराही महिने येतो. टँकरची वाट बघत जन्म गेलेली मी, ते ऐकलं आणि त्या देशाला नावं ठेवायची थांबले.

परत निघताना गोधडी बॅगेत भरायला घेतली. लेक म्हणाली, "राहू दे गं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल, असं धरून मी ठेवली.

मग इकडं आखाड लागला. एका संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला, तिथं सकाळ होती. अंगात दोन स्वेटर, नाक लालेलाल. खिडकीबाहेर वारा नुसता भणाणत होता. "आई, लय थंडी पडलीया. कानटोपी हिला लहान झाली, मोठी विणून पाठव. आणि एक गोधडी पण शिव."

"का? हाय की तिथं!"

लेक म्हणाली, "ती मी घेतलीया आई. तुझ्या साड्यांचा वास येतो तिला. तिच्याशिवाय मला झोप लागत न्हाई."

बाजूला बसलेले हे म्हणाले, "बघ, आखाडात थंडी!" मी म्हटलं, "तुमी गप बसा." डोळे पुसले आणि तशीच उठून ट्रंकेतल्या जुन्या साड्या काढायला घेतल्या.