कचेरीसमोरचं गाऱ्हाणं

मालवणात कचेरीसमोरच्या जुन्या चौकात मी दर सोमवारी शेअर रिक्षा भरायची वाट बघत उभा असतो. पूर्वी सरकारची दवंडी इथेच पिटत. आता तिथे एक मासेवाली येते. तिचं नाव मला अजून माहीत नाही. बाजार आटोपला की ती रिकामी पाटी खाली ठेवते, पदर खोचते, कचेरीच्या पायरीसमोर नारळ ठेवते आणि हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घालते.

"बा देवा म्हाराजा, आमची दर्यार जावची वाट हॉटेलवाल्यान कुपण घालून अडवल्यान. ती मोकळी कर रे म्हाराजा!"

आणि रिक्षावाले, चहावाला, दाखल्यासाठी ताटकळलेली माणसं, सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं ऐकून गप्प राहायची आमच्याकडे रीतच नाही. मीही ओरडतो.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, गाऱ्हाणा देवळात घालूचा ना?"

"देवाक पयलाच सांगलंय. ह्येंकाच ऐकाक येणा नाय," कचेरीकडे हनुवटी उडवत ती म्हणाली.

गेल्या सोमवारी तिला हटवायला साहेबाने शिपाई पाठवला. तो हात वर करून तरातरा पायऱ्या उतरला. नेमकं तेव्हाच तिचं "रे म्हाराजा" संपलं, आणि सगळ्यांत मोठ्याने त्याच्याच तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

अख्खा चौक हसला. ती हसली नाही. तिने नारळ उचलून त्याच्या हातात दिला.

"फुडल्या सोमवारी सायबाक घेवन ये," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेतली.