आतोबा माफ करत सुटले

राग धरून ठेवण्यात माझ्या आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, हात धरणारा माणूस नव्वद सालच्या आसपास अख्ख्या नाशकात नव्हता. मिशी जरा जास्त कापली गेली म्हणून पंचवटीतला न्हावी सोडून ते वर्षानुवर्षं बसने नाशिकरोडला केस कापायला जात. आत्याशी अबोला असला की बोलणं भिंतीमार्फत चाले. "या भिंतीला कोणी सांगेल का, आमटीत मीठ नाही!" आत्याही भिंतीकडे बघूनच म्हणायची, "ताटात वाढलंय म्हणावं." एवढे राग सांभाळायचे म्हणजे खायचं काम नव्हतं. त्यांना झोप नसे, पित्त कायम उसळलेलं आणि खिशात सदा गोळ्या.

सगळ्यात जुना राग धाकट्या भावावर. तो दिंडोरीला द्राक्षबाग बघायचा, आई त्याच्याकडेच असे. तिच्या शेवटच्या आजारात त्याने आतोबांना वेळेवर कळवलं नाही. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानंतर आतोबांनी द्राक्षं खाणंसुद्धा सोडलं.

आणि एका उन्हाळ्यात, भर दुपारी, तो भाऊ दारात उभा राहिला. मी तिथेच होतो. चप्पल न काढताच म्हणाला, "दादा, चुकलं माझं. तुला बोलवायचं म्हणजे आई जाणार, हे कबूल करायचं. ते झालंच नाय माझ्यानं. लय घाबरलो होतो." आतोबा भिंतीकडे बघत राहिले. आम्हाला वाटलं, आता तिलाच काहीतरी सुनावणार. पण ते वळले आणि थेट भावाला म्हणाले, "हातपाय धू. जेवायला बस." जेवणानंतर दोघं एकाच सतरंजीवर आडवे झाले. आतोबा घोरायला लागले तेव्हा आत्या घाबरून बघायला आली. तो आवाज ती विसरूनच गेली होती.

त्या झोपेची अशी चटक लागली की आतोबा गावभर माफ करत सुटले. न्हाव्याला जाऊन म्हणाले, "जा, तुला माफ केलं." तो म्हणाला, "कशाबद्दल, काका?" त्याला आठवत नाही याचाच नवा राग धरायचा मोह त्यांनी मोठ्या कष्टाने आवरला. पित्त शमलं, गोळ्या कमी झाल्या, आत्याशी ते समोरासमोर भांडू लागले.

पुढे एका संध्याकाळी गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी बसलो असताना मी विचारलं, "आतोबा, आता कोणावरच राग उरला नाही ना?"

ते म्हणाले, "आई गेली त्याच्या आधीच्या दिवाळीला ती ये म्हणाली होती रे. तासाभराचा रस्ता. मीच गेलो नाही." मग म्हणाले, "भावाला माफ करणं त्या मानाने सोपं गेलं."

उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.