पाटे काढलेली पिकअप

प्रभावतीला नवऱ्याच्या हातांचं कौतुक होतंच. पण आपल्या पाठीपायी हा माणूस अख्खी गाडी सोलून ठेवेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

रामकृष्ण मूळचा साताऱ्याकडचा. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात हयात गेली, शेवटची बदली चंदीगडला झाली आणि निवृत्तीनंतर तो तिथेच रमला. नरेश नावाच्या मित्राबरोबर त्याने इंडस्ट्रियल एरियात गॅरेज टाकलं. प्रभावतीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितले, तेव्हापासून दवाखाना सोडला तर ती कुठे गेली नव्हती. आता पिंजौरला मंजुषाकडे, त्यांच्या एकुलत्या एका लेकीकडे, बाळाचं बारसं होतं. घरात गाडी एकच, जुनी पिकअप, आणि तिच्यात बसणं म्हणजे पाठीवर घण घालून घेणं.

"तुम्ही जाऊन या," प्रभावती म्हणाली.  दुसऱ्या दिवशी रामकृष्णाने गॅरेजात पिकअपच्या चाकांवरचे लोखंडी पाटे खोलायला घेतले.

गॅरेज घरापासून चार पावलांवर होतं; त्याच्या आग्रहाखातर ती तिथे खुर्चीला उशी लावून बसायची. पाटे नुसते धक्के सोसत नाहीत, चाकांचा आसही जागेवर धरून ठेवतात, हे तिला तेव्हा कळलं. पाटे निघाले आणि आस मोकाट सुटला. मग रामकृष्णाने तो धरायला लोखंडी दांडे बनवले, चासीला जाड ब्रॅकेट वेल्ड केले, आणि चाकांपाशी शॉकअप उभे केले, भोवती स्प्रिंगांची वेटोळी घातलेले. जॅक उतरवल्यावर एवढं धूड त्या वेटोळ्यांवर अलगद टेकलं. 

पण पहिल्याच फेरीला, फाटकाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर, प्रभावतीच्या पाठीतली कळ थेट मस्तकात गेली. तिने ओठ दाबले, तरी त्याला कळायचं ते कळलं. चूक खास फौजी होती. ट्रक म्हणजे तो भरलेलाच असणार, या सवयीने त्याने स्प्रिंगा निवडल्या होत्या. दारूगोळा वाहायला त्या झकास होत्या. इथे रिकाम्या गाडीत एक किडकिडीत बाई बसणार होती.

रामकृष्णाने नरम स्प्रिंगा मिळवून बसवल्या. मग बायकोचा कमरेचा पट्टा स्वतःच्या पोटावर कसाबसा आवळला आणि तिच्या जागेवर जाऊन बसला.

"फौजी, भाभीजी का पट्टा?" नरेशला हसू आवरेना.

"तू गाड़ी चला यार. गड्ढा कोई छोड़ना नहीं."

परत आल्यावर तो तिच्यापाशी आला. "प्रभा, नेमकं कुठं दुखतं गं? इथं, का जरा खाली?" ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा या माणसाने 'बरंय ना?' यापुढे काही विचारलं नव्हतं. तिने त्याचं काळं झालेलं बोट धरून जागा दाखवली. त्याने स्प्रिंगांखालची चकती फिरवून ताण सैल केला, पुन्हा चक्कर मारून आला, पुन्हा फिरवली.

बारशाच्या सकाळी दोघं निघाली. पिंजौरच्या अलीकडे रस्ता पार उखडलेला होता. रामकृष्ण रस्ता सोडून तिच्याकडेच बघत होता.

"अहो, पुढं बघा."

"दुखतंय?"

"नाही."

नाही म्हणताना तिचं तिलाच नवल वाटलं. समोरचं बॉनेट खालीवर होत होतं, खड्डा येताना दिसत होता, आणि तिच्यापर्यंत पोचत नव्हता. कोणीतरी वाटेतच तो हातावर झेलत होतं. देवळात येतं तसं तिला भरून आलं.

खराब पट्टा संपला. रामकृष्णाने गाडी वळवली.

"काय विसरलं?"

"एकदा परत बघतो. स्प्रिंगा नीट बसल्यात का ते."

त्याने तो रस्ता परत जाऊन पुन्हा पार केला. आता मात्र आणखी एका फेरीसाठी त्याला स्प्रिंगांची सबब सांगता येईना. गाडी कडेला घेऊन, डोळे पुसत तो नुसता तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

इतक्यात फोन वाजला. "आई, पाळणा सजलाय, बायका आल्यात. कुठपर्यंत आलात?" मंजुषा विचारत होती.

"येतो गं. रस्ता फार खराब आहे," प्रभावती म्हणाली. फोन ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"वळवा," ती म्हणाली.