डायरेक्ट

मशीन सातिवलीच्या माझ्या गाळ्यात आलं तेव्हा मला त्याच्याकडे बघायचीसुद्धा इच्छा नव्हती. सकाळपासून दोन हायड्रॉलिक जॅकची सीलं बदलून झाली होती, गुडघे बोलायला लागले होते, आणि ट्रेलरवरून उतरवलेल्या त्या छोट्या लोडरमधून अजून चिखलाचं पाणी गळत होतं. आमच्याकडे या लोडरला सगळे रोबोट म्हणतात. जागच्या जागी गोल फिरतो. पुढे दोन आर्मवर उचलली जाणारी बकेट, मागे इंजिन, मध्ये जाळीची केबिन, आणि ऑपरेटर बसला की त्याच्या मांडीवर येणारी एक लोखंडी दांडी. दांडी खाली असेल तरच मशीन चालतं. वर केली की चाकं आणि आर्म जिथल्या तिथे बंद. ऑपरेटरला उतरताना इजा होऊ नये म्हणून ही सोय असते.

मालक गिरीज गावचा, पस्तिशीचा. घरची केळीची वाडी, त्यात बांधकामाची कामं वाढली म्हणून त्याने हा रोबोट सेकंडहँड घेतला होता. मला काका म्हणतो. येताना वाडीतल्या वेलची केळ्यांचा घड आणला होता, त्यावरून मी ओळखलं की काम किचकट आहे.

"सेल्फ मारलात का?" मी पहिला प्रश्न विचारला. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला की आतले रॉड वाकतात.

"एकदाच."

सगळे एकदाच म्हणतात. तीस वर्षांत मला दोनदा म्हणणारा माणूस भेटलेला नाही.

झालं होतं ते असं. वाडीत बावखलाच्या कडेने भराव टाकायचं काम चाललं होतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, याच पाण्यावर आमच्या इकडची झाडं जगतात. रोबोट भरल्या बकेटसह तोंडावर त्यात गेला. ऑपरेटरचा डावा पाय आर्म आणि चौकट यांच्यामध्ये सापडला आणि दोन ठिकाणी मोडला. ऑपरेटरचं म्हणणं होतं की माडाची झावळी आर्ममध्ये अडकली, ती ओढायला त्याने दांडी वर केली, पाय बाहेर टाकला, तेवढ्यात कोपर लिव्हरला लागलं आणि मशीन पुढे गेलं. मालकाचं म्हणणं होतं की हे होऊच शकत नाही. दांडी वर होती तर मशीन हललं कसं? म्हणजे दांडी खालीच होती आणि हा पाय बाहेर लोंबकळत टाकून डुलक्या काढत होता.

"तुम्हीच सांगा काका," मालक म्हणाला, आणि त्याने तिथेच ऑपरेटरला फोन लावून स्पीकर चालू केला.

ऑपरेटरला मी ओळखत होतो. खाडीकडच्या गावातला, चाळिशीचा, हात हलका असलेला माणूस. बकेटने जमीन नुसती पुसून काढायचा.

"मेस्त्री, मी दांडी वर केली होती. देवाशप्पत," तो म्हणाला. "एवढी वर्सं चालवतो, मला कळत नाय का?"

मला भूक लागली होती. पाठ दुखत होती. आणि मला माझ्या धंद्यातलं सगळं कळतं हे दाखवायची एक खाज मला कायमची आहे. मी मोठ्याने म्हणालो, "दांडी वर असताना हे मशीन हलत नाही. खोटं बोलतोस तू."

पलीकडे मागे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि फोन बंद झाला. मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की झालं, निकाल लागला. आता या माणसाला वसईत कोणी मशीनवर बसवणार नव्हतं. झोपणारा ऑपरेटर ही बातमी आमच्या लाइनीत एका चहात सगळीकडे पोचते.

मालक बाहेर दुसऱ्या कुणाशी फोनवर बोलत राहिला आणि मी कामाला लागलो. डिपस्टिक काढली, तेल पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालेलं. एअर फिल्टर पिळला तर पाणी. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवलं, पाणी कारंजासारखं वर आलं, पण इंजिन अडलं नाही. मालकाचं नशीब. उजव्या आर्मची पिन वाकली होती, जॅकचा रॉड बाकदार झाला होता. हे सगळं कागदावर उतरवत गेलो. खरं सांगायचं तर मी तिथेच थांबणार होतो. वायरिंग उद्या बघू म्हणून पाने गोळा करायला घेतले होते. पण पाण्यात बुडलेल्या मशीनची वायरिंग एक रात्र तशीच ठेवली की हिरवी पडते, आणि मग शिव्या मलाच बसतात. म्हणून सीटखालचं पॅनल उघडलं.

बाहेरून मशीन निळं होतं. पॅनलच्या आत जुना पिवळा रंग होता. दांडी वर झाली की मशीन बंद करणारा जो स्विच दांडीच्या बुंध्याशी असतो, त्याच्या दोन वायरी तोडून एकमेकींना जोडलेल्या होत्या. वर टेप. आणि टेपवर मेणदोरा, शेजारी शेजारी घट्ट वेढे घालून, शेवटचं टोक आत ओढून घेतलेलं.

गरम तेलाच्या वाफेने टेप सुटते म्हणून वरून मेणदोरा गुंडाळायची सवय माझी आहे. अख्ख्या सातिवलीत दुसरं कोणी एवढा वेळ घालवत नाही. गाळ्यातली पोरं मला त्यावरून चिडवतात.

मी खाली फरशीवर बसलो. आठवायला फार वेळ लागला नाही. चार-एक वर्षांपूर्वी, एका गोडाऊनच्या साइटवर, मालक वेगळा, मशीन पिवळं. दांडीचा स्विच गेलेला, मशीन सुरूच होईना, आणि काँक्रीटची गाडी दारात उभी. सगळे माझ्या डोक्यावर. "मेस्त्री, डायरेक्ट करून द्या, स्विच आला की बसवू." मी दहा मिनिटांत डायरेक्ट करून दिलं. लोकांनी वा मेस्त्री म्हटलं, मलाही बरं वाटलं. स्विच कधी आला नाही. त्यांनी बोलावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डायरेक्ट हा आमचा लाडका शब्द आहे. पंखा डायरेक्ट, हॉर्न डायरेक्ट, स्टार्टर डायरेक्ट. मधली अडचण काढून टाकली आणि काम चालू झालं, एवढाच त्याचा अर्थ आम्ही धरतो. मधे जे होतं ते कशासाठी होतं, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. किती मशीनमध्ये मी असा मेणदोरा गुंडाळून ठेवलाय, याचा हिशोब करायला बसलो आणि मध्येच सोडून दिला.

पक्कड हातातच होती. जोड कापून खिशात टाकला असता तर कोणाला काही कळलं नसतं. पाण्याने वायर कुजली, म्हटलं असतं. मालकाने मानलं असतं, त्याला हवंच होतं ते. पक्कड त्या जोडावर ठेवलीही होती, हे लपवत नाही. मला फार थकल्यासारखं झालं होतं, आणि थकलेल्या माणसाला सोपी वाट दिसते तेव्हा ती चुकीची आहे हे कळायलाही जोर लागतो. माझी मलाच लाज वाटली.

मालकाला आत बोलावून वायर दाखवली. "स्विच डायरेक्ट आहे. दांडी वर असो की खाली, मशीन चालणारच. तो खरं बोलत होता."

"कोणी केलं?"

"मी."

मला वाटलं तो भडकेल. तो हसला. "जाऊ द्या हो काका, सगळेच करतात."

त्याच्या हसण्याचा मला त्याच्या रागापेक्षा जास्त त्रास झाला. मी म्हणालो, पाय बरा झाला की या मशीनवर तोच बसेल, नाहीतर हे असंच घेऊन जा. माझा चढलेला आवाज ऐकून तो हो म्हणाला. ऑपरेटरला फोनवर कळवतो म्हणाला. मी म्हटलं, नको, मी जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटरने ऑपरेटरच्या घरी गेलो. तो ओट्यावर खुर्चीत बसला होता, प्लास्टरचा पाय समोरच्या स्टुलावर. त्याने बसा म्हटलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं, चार वर्षांपूर्वीच्या पिवळ्या मशीनपासून. मेणदोऱ्याचंही. मालक पुन्हा कामावर घेणार आहे, तेही सांगितलं. सांगताना त्याच्या पायाकडे बघवत नव्हतं.

त्याने प्लास्टरवरची माशी हाकलली.

"वायरचा जाऊ द्या मेस्त्री," तो म्हणाला. "डायरेक्ट तर मीपन किती वेला करून घेतलाय लोकांकडून. पन तुमी फोनवर खोटा बोलतो म्हनलात ना, तवा ही घरात होती. पोरी पन होत्या. तवापासून ही मला काय विचारीत नाय. पानी देते, जेवाया देते, पन विचारीत नाय."

आत भांड्यांचा आवाज चालू होता. फोनवर ऐकला होता तोच.

"बोलव तिला," मी म्हणालो.

ती आली, दाराला टेकून उभी राहिली, पदराला हात पुसत. दोन मुली तिच्या मागे. मी खुर्चीतून उठलो. गुडघ्यांनी वेळ घेतला, तेवढा वेळ सगळे थांबले. मग जे त्याला सांगितलं होतं ते सगळं तिला पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.