'वर' आणि 'खाली'

जबलपूरच्या कांचघर भागातल्या विनताताई दिवसभर बोलायच्या हिंदीत, पण हात मात्र मराठीतच लिहायचा. एका कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मातीतले जिवाणू ओळखण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि दर वेळी शेवटी कळायचं की हा तर कुणीतरी आधीच शोधलाय. त्या हसून सोडून द्यायच्या, तरी आत सलायचंच. यंदा तिलवाऱ्याच्या नदीकाठच्या शेतातली माती आणली आणि तिच्या खालच्या थरात एक पिवळा जिवाणू सापडला. अगदी सख्ख्या भाऊबंदाशीही त्याची जनुकं पुरेशी जुळेनात, म्हणजे ही जात नवी. पण नाव मान्य व्हायचं तर जिवंत वाण दोन देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा करावा लागतो. ताईंनी फ्रिजमधल्या नळ्यांवर थरांप्रमाणे ठसठशीत अक्षरांत 'वर' आणि 'खाली' लिहिलं आणि भाच्याच्या लग्नाला नागपूरला गेल्या.

परत आल्या तर 'वर'च्या नळ्या जागच्या जागी, 'खाली'च्या गायब.

"दीदी, उन पे खाली लिखा था," प्रयोगशाळेची साफसफाई बघणारे श्यामसुंदर म्हणाले. "दिखीं तो भरी हुई, सोचा खाली करनी होंगी. धुलवाने के लिए छत पे रखी हैं."

"और वर वाली क्यों छोड़ीं?"

"आप शादी में गई थीं न. मैंने सोचा, दूल्हे का कुछ होगा."

एरवी ताई पोट धरून हसल्या असत्या. आता डोक्यात तिडीक गेली. मेच्या उन्हात गच्चीवर नळ्यांतलं खाद्य वाळून पापड झालं होतं. त्या श्यामसुंदरना एक शब्द बोलल्या नाहीत. घरी लेक वैभवीनं जखमेवर मीठ चोळलं, "आई, जबलपूरमध्ये मराठीत लिहून राहिली तू? काहून?" दुसऱ्या दिवशी ताईंनी तो चुरा खरवडून ताज्या खाद्यावर सोडला आणि देव पाण्यात घालून बसल्या.

पठ्ठ्या उगवला, तोही पिवळाधमक. मधेच दुसरा कुणी उपटसुंभ घुसला नाही ना, म्हणून जनुकं पुन्हा तपासली. तोच होता. मग भाऊबंदालाही तसंच उन्हात वाळवलं, तर तो साफ मेला. वेगळेपणाचा आणखी एक पुरावा फुकटात हाती आला.

दोन्ही संग्रहांनी वाण जिवंत पोचल्याचं आणि घेतल्याचं कळवलं, त्या दिवशी ताईंनी घरच्यांच्याही आधी श्यामसुंदरना फोन लावला.

"भैया, वो ज़िंदा है. और नया भी है."

श्यामसुंदरनी विचारलं, "तो दीदी, कल से मैं आगे वाले दरवाज़े से आ जाऊँ?"

ताईंना आधी अर्थच लागेना. मग लक्षात आलं, नळ्या वाळल्यापासून त्या यायच्या आत चहा टेबलावर ठेवलेला असायचा आणि ठेवणारे श्यामसुंदर मागच्या दारानं निघून गेलेले असायचे. इतके दिवस त्या नळ्यांत डोकावत होत्या, पण हे काही त्यांना दिसलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"आ जाओ," त्या म्हणाल्या. "और चाय दो कप लाना."